एसटीच्या संपात चालणारी खासगी बस एरवी बेकायदा कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेले काही दिवस नागपूर शहरातील खासगी बसगाड्यांवरील कारवाईच्या बातम्या आणि सरसकट कारवाईची मागणी करणारी वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. बैद्यनाथ चौक, गीतांजली चौक, छत्रपती चौक या ठिकाणी संध्याकाळ झाली की निम्मा रस्ता या गाड्या अडवतात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र पुण्या-मुंबईकडे पन्नास-पन्नास स्लीपर गाड्या सोडणारी कंपनी आणि आसपासच्या तालुक्यांकडे तीन-चार गाड्या चालवणारा मालक हे एकाच माळेचे मणी आहेत, असे समजून ही सगळी चर्चा चालली आहे. पहिल्याला दंडाने फारसा ओरखडाही उमटत नाही. दुसरा आपल्या भागातून दिसेनासा होत चालला आहे. अशाच एका छोट्या बस कंपनीचे जमाखर्च मी नोकरी सांभाळून संध्याकाळी लिहीत असे, त्यामुळे ती कशी वाढली आणि कशी बुडाली हे मला वहीच्या पानांतून पाहायला मिळाले. त्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

नागपूर-उमरेड-भिवापूर-नागभीड-ब्रह्मपुरी या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या रस्त्यावर धावणाऱ्या चार गाड्या, मानेवाड्याकडे भाड्याने घेतलेला एक मोकळा प्लॉट आणि पानठेल्याला लागून असलेले पत्र्याचे बुकिंग ऑफिस एवढाच त्या कंपनीचा पसारा होता. मालक आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यावर कंत्राटी आणि पर्यटक वाहनांचे परवाने मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. त्या लाटेत त्यांनी नव्वदच्या दशकात एक जुनी मिनीबस घेतली आणि लग्नसराईत वऱ्हाडे पोहोचवण्यापासून सुरुवात केली. पण मुहूर्त संपले की गाडी उभी राही आणि फायनान्सचा हप्ता काही उभा राहत नसे. म्हणून रिकाम्या दिवसांत त्यांनी ब्रह्मपुरीहून पहाटे साडेपाचला नागपूरसाठी गाडी सोडायला सुरुवात केली, आणि खरा धंदा या गाडीने उभा केला.

ही वेळ त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. ब्रह्मपुरी-नागभीडकडचा माणूस आजारपण वाढले की मेडिकलला, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतो, आणि तिथे ओपीडीची चिठ्ठी निघण्याच्या वेळेत पोहोचला नाही तर त्याचा दिवस वाया जातो. ही गाडी दिघोरी, सक्करदरा करत मेडिकल चौकात थांबे. भिवापूरच्या पुढच्या एखाद्या फाट्यावर म्हातारी चढली की तिचा मुलगा खालून ड्रायव्हरला सांगे, “मेडिकलले उतरून देजो गा भाऊ, हिले समजत नाही.” आणि ड्रायव्हर तिला उतरवून, रस्ता ओलांडून देऊन मग गाडी पुढे घेई. परतीच्या फेरीत टपावर आणि डिक्कीत दवाबाजारातली औषधांची खोकी, मोटारपंपाचे सुटे भाग, कपड्यांचे गठ्ठे असत. मिरचीच्या हंगामात भिवापूरकडून पोती येत. या पार्सलांच्या भाड्यातून ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि टोल सुटत असे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. तिकिटांच्या पैशांत डिझेल, टायर, हप्ता आणि टॅक्स एवढे भागले तर महिना चांगला गेला असे आम्ही समजत असू.

पहिल्या गाडीची दुसरी आणि दुसरीची तिसरी झाली ती याच बळावर. कंपनीची जाहिरात कधी झाली नाही. ऑफिसात सीटचा छापील तक्ता असे, त्यावर पेन्सिलीने नावे लिहिली जात, आणि रोजच्या प्रवाशाचे नाव त्याने न सांगताही लिहिलेले असे. नागपूर-पुणे मार्गावर उतरण्याचा सल्ला अनेकांनी मालकांना दिला होता. तिथे स्लीपर गाडी, गावोगावचे एजंट आणि पुढे ॲपवरचे कमिशन हे सगळे पेलण्याइतके भांडवल लागते, हे ओळखून त्यांनी तो नाद केला नाही. माझ्या मते तो शहाणपणा होता, जरी आज त्या मार्गावरचे लोक टिकले आहेत आणि हे टिकले नाहीत.

आता या धंद्याच्या मुळाशी असलेल्या दोषाकडे येतो. अधिनियमाच्या कलम २ मध्ये कंत्राटी वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्याप्रमाणे असे वाहन ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते आणि करारात नसलेला प्रवासी वाटेत चढवता वा उतरवता येत नाही. वाटेतल्या थांब्यांवर वेगवेगळे भाडे घेऊन प्रवासी चढवण्या-उतरवण्याला टप्पा वाहतूक म्हणतात आणि तिचा परवाना वेगळा असतो. आपल्या राज्यात हे काम प्रामुख्याने एसटी महामंडळाचे मानले गेले आहे. त्याला इतिहास आहे. मध्यप्रांताच्या काळात नागपुरात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीच्या गाड्या धावत, पुढे विदर्भातली ती वाहतूक सरकारकडे आली आणि १९६१ मध्ये आजचे महामंडळ झाले. राष्ट्रीयीकरणाने खेड्यापर्यंत गाडी पोहोचवली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण त्यामुळे उमरेडला चढलेल्या आणि नागभीडला उतरणाऱ्या प्रवाशाला घेणे हा आमच्या मालकांसाठी रोजचा नियमभंग होता. प्रवाशांना हे ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि कंपनीचे सगळे आयुष्य ‘साहेब, सांभाळून घ्या’ या विनवणीवर चालले. वहीत त्या विनवणीचा खर्च ‘किरकोळ’ या खात्यावर टाकला जाई. तो कधीच किरकोळ नव्हता, यापेक्षा अधिक या पत्रात लिहिणे योग्य होणार नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये इतवारी-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी बंद झाली. गाडी रखडत चाले, तिची थट्टाही होई, पण भाडे अगदी कमी असल्याने गरीब माणूस तिच्यावरच अवलंबून होता. हा प्रवासी रस्त्यावर येणार हे उघड होते, आणि मालकांनी चौथी गाडी घेण्याचे ठरवले. त्यात घाई करण्याचे आणखी एक कारण होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकाचीच वाहने विकता येणार होती, त्यांच्या किमती बऱ्याच वाढणार होत्या, आणि त्यामुळे जुन्या मानकाची चेसी त्याआधी घेऊन, बॉडी बांधून, पासिंग करून घेण्यासाठी लहान मालकांची धावपळ चालली होती. आमची गाडी मार्चच्या सुरुवातीला पासिंग होऊन रस्त्यावर आली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. नव्या गाडीच्या सीटांवरची प्लास्टिकची आवरणेही अजून काढलेली नव्हती.

पुढचे काही महिने चारही गाड्या प्लॉटवर उभ्या होत्या. रिझर्व्ह बँकेने १ मार्चपासून ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली आणि अनेकांना ती माफीच वाटली. प्रत्यक्षात व्याज चढत राहिले आणि सप्टेंबरात हिशेब मांडला तेव्हा देणे पूर्वीपेक्षा मोठे झाले होते. राज्य सरकारने एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वाहनकरात सूट दिली, तिचा उपयोग झाला. पण विमा चालूच होता. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी दबून तडकतात, रबरी होज कडक होतात, आणि हा खर्च कोणत्याही पॅकेजमध्ये धरलेला नसतो. गाड्या बंद असतानाच, मे २०२० मध्ये केंद्राने डिझेलवरचे शुल्क लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. तेव्हा कच्चे तेल स्वस्त असल्याने पंपावर ते जाणवले नाही, मात्र पुढे तेल महागले तेव्हा तो बोजा दरात कायम होता आणि २०२१ च्या पावसाळ्याअखेर डिझेल शंभरीला टेकले. गाडीचा ॲव्हरेज साडेचार किलोमीटरचा धरला तर एका जाण्या-येण्याला पंचावन्न लिटर लागते. लिटरमागे दहा रुपये वाढले की रोज एका गाडीमागे ब्रह्मपुरीची तीन-चार पूर्ण तिकिटे केवळ त्या वाढीत जात. भाडे वाढवावे तर प्रवासी करोनाने आधीच कंबरडे मोडलेला.

आणि मग, ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला.

आपल्या वाचकांनी, आणि विशेषतः सरसकट कारवाईची मागणी करणाऱ्या पत्रलेखकांनी, त्या हिवाळ्याची आठवण ठेवावी अशी माझी विनंती आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या गृह विभागाने अधिनियमाच्या कलम ६६ मधील सवलतीचा आधार घेऊन अधिसूचना काढली आणि संप असेपर्यंत खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकेच काय मालवाहू वाहनांनाही प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. राज्यात ठिकठिकाणी एसटीच्याच स्थानकांतून खासगी गाड्या सोडण्यात आल्या. आमच्या चार गाड्या जे काम इतकी वर्षे लपतछपत करत होत्या, ते काम एका कागदाने सार्वजनिक सेवा ठरले. मला आठवते, त्या काळात तपासणी नाक्यावरचे अधिकारी आमच्या गाडीला हात दाखवत ते आणखी काही प्रवासी घ्या असे सांगण्यासाठी. एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले, अधिसूचनेचे काम संपले, आणि तोच ड्रायव्हर, तीच गाडी, त्याच फाट्यावरची तीच म्हातारी पुन्हा बेकायदा झाली. दरम्यान अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याच्या अटी मोडल्याबद्दलचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला होता. पुणे मार्गावरची स्लीपर गाडी दिवाळीच्या एका रात्रीत एवढी रक्कम भरून काढू शकते. ब्रह्मपुरीच्या गाडीला खर्च जाऊन दोन-तीन दिवसांत जे उरते, ते सगळे त्यात जाते.

संपाच्या काळात झालेल्या कमाईतून थकलेले काही हप्ते फिटले, हे खरे आहे. काही बड्या चालकांनी त्या काळात प्रवाशांना अक्षरशः लुटले, हेही तितकेच खरे आहे. खासगी बसचे भाडे एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा शासन निर्णय २०१८ पासून आहे आणि दर दिवाळीत त्याचे काय होते हे पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना विचारावे. आमच्या वहीत त्या हिवाळ्यातले भाडे एसटीच्या भाड्याहून थोडेच अधिक आहे. मालक सज्जन होते हे एक कारण, आणि त्याच गावांत उद्या पुन्हा तोंड दाखवायचे होते हे दुसरे, बहुधा अधिक खरे कारण.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्येच मोफत झाला होता. या योजना चांगल्या आहेत. शेतमजूर बाईला माहेरी जाणे परवडू लागले, याला विरोध करण्याइतका मी कोरडा नाही. पण त्यांचा परिणाम काय झाला तेही नोंदवले पाहिजे. बाई एसटीने निघाली की तिच्याबरोबर नवरा आणि मुलेही एसटीनेच निघतात, म्हणून अर्ध्या सवलतीने आमची अर्धी नव्हे तर त्याहून बरीच अधिक गाडी रिकामी केली. सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देते, आणि ते रास्तच आहे. ज्याचे धंद्याचे अस्तित्वच कागदोपत्री मान्य नाही, त्याला मात्र भरपाई मागायलाही तोंड नव्हते.

शेवट फार रंगवून सांगण्यासारखा नाही. सर्वांत आधी फायनान्सवाल्यांनी नेली ती सर्वांत नवी गाडी. दोन गाड्या मिळेल त्या भावाने गेल्या. त्यांतली एक सध्या बुटीबोरीच्या कारखान्यातील कामगारांची ने-आण करते. उरलेली म्हणजे सर्वांत जुनी, तिचे पाटे आणि गिअरबॉक्स काढून घेऊन सांगाडा भंगारात दिला. पत्र्याचे ऑफिस पानठेलेवाल्यानेच घेतले. ड्रायव्हरांपैकी एक जण आता शाळेची गाडी चालवतो. पहाटेच्या त्या वेळेला भिवापूरच्या पुढे आता प्रवासी कोंबलेल्या काळ्या-पिवळ्या जीप दिसतात, आणि त्यांत दोन्ही बाजूंना लटकणारी माणसे पाहून सुरक्षिततेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी काही वेळ विचार करावा.

कारण सुरक्षिततेचा मुद्दा खोटा नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि २५ जण मृत्युमुखी पडले. नागपूर, वर्धा, यवतमाळमधल्या कित्येक घरांत ती रात्र अजून संपलेली नाही. अशा घटनेनंतर कडक तपासणी झालीच पाहिजे, आणि ती वर्षभर झाली पाहिजे. आपत्कालीन दार उघडते का, बॉडी मंजूर आराखड्याप्रमाणे आहे का, रात्री दुसरा ड्रायव्हर खरोखरच गाडीत आहे का, हे पाहायला माझी कधीच हरकत असणार नाही. आमच्या कंपनीतही दोष होते. गर्दीच्या दिवशी मधल्या जागेत प्लास्टिकची स्टुले टाकली जात, केबिनमध्ये चार-पाच जण बसत, आणि टायर रिमोल्ड करून त्याची सहनशीलता संपेपर्यंत वापरला जाई. माझा आक्षेप एवढाच की तपासणी मोहिमेत यांतले फारसे काही पाहिले जात नाही. दिवसा राज्यमार्गावर चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी थांबवून प्रवाशांची यादी आहे का, वाटेतले प्रवासी किती, हे विचारले जाते आणि पावती फाडली जाते, कारण तो गुन्हा सिद्ध करायला सोपा आहे. ज्याला परवाना मिळण्याची शक्यता आहे, तो परवाना जाऊ नये म्हणून टायर वेळेवर बदलतो. ज्याला तसेही पकडलेच जायचे आहे, त्याला नव्या टायरचा मोह कसा होणार?

वेगळे काही करता येते का, हे पाहायला फार लांब जायला नको. मध्य प्रदेशचे परिवहन महामंडळ २००५ मध्ये बंद झाले आणि तिथली टप्पा वाहतूक खासगी मालकांकडे गेली. सावनेरच्या पुढे सौंसर-छिंदवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून प्रवास केलेल्या कोणालाही त्या व्यवस्थेचे गुण आणि अवगुण दोन्ही ठाऊक आहेत. मोठ्या रस्त्यावर दर थोड्या वेळाने गाडी मिळते, आडवळणाच्या गावाला मात्र मालकाला परवडेल तेव्हाच. हे पाहूनच तिथल्या सरकारने २०२५ मध्ये खासगी गाड्या सरकारी देखरेखीखाली चालवणारी नवी योजना मंजूर केली आहे. एसटी मोडीत काढून तसे करावे असे मी मुळीच म्हणत नाही. एसटी नसती तर गडचिरोलीच्या टोकाला गाडी गेली नसती.

मात्र ज्या मार्गावर आणि ज्या वेळेला एसटीची गाडी नाही, तिथे दुसऱ्याला रीतसर परवानगी नाकारण्यात कोणाचे हित आहे, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. कायद्यात तरतूद नाही असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये नवे पोटकलम (३) घातले गेले, आणि त्यात ग्रामीण वाहतुकीसाठी योजना आखून परवाने देण्याचा स्पष्ट अधिकार राज्य सरकारला मिळाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने आपापल्या जिल्ह्यातील अशा मार्गांची आणि वेळांची यादी जाहीर करावी, पाच गाड्यांपेक्षा अधिक गाड्या नसलेल्या मालकांकडून अर्ज मागवावेत, भाडे एसटीइतके बांधून द्यावे, महिला व ज्येष्ठांची सवलत तिथेही लागू करून तिची भरपाई द्यावी, आणि शहरात शिरण्याच्या प्रत्येक रस्त्यावर, दिघोरीसारख्या ठिकाणी, भाडे आकारून का होईना, गाडी उभी करण्याची अधिकृत जागा द्यावी. त्यानंतरही जो चौक अडवील किंवा स्टुले टाकील, त्याचा परवाना खुशाल रद्द करावा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. कारवाईत किती गाड्या पकडल्या आणि किती दंड वसूल झाला हे आकडे आपण नेमाने छापता. त्याबरोबर कलम ६७(३) लागू झाल्यापासून नागपूर, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ग्रामीण वाहतुकीसाठी किती खासगी मालकांना परवाने दिले गेले, किती अर्ज आले आणि ते कोणत्या कारणाने फेटाळले गेले, याची माहितीही परिवहन कार्यालयांकडून मागवून प्रसिद्ध करावी.

आपला,
एक जुना वाचक
हनुमाननगर, नागपूर